पतसंस्थेतले तारण आणि चर्चमधले तारण

खानापूरहून प्रश्न आहे: पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असते, आणि चर्चमध्ये 'विश्वास ठेवा, तारण होईल' असे सांगतात. मग देवाकडेही काही तारण ठेवायचे असते का?

नाही. शब्द मात्र एकच. संस्कृत 'तॄ' म्हणजे तरणे, पार होणे. त्याचे प्रयोजक रूप तारणे. कर्ज बुडू नये म्हणून ठेवलेली वस्तू ते तारण, आणि बुडत्या माणसाला देव पार नेतो तेही तारण. कन्नडमध्ये हा घोळ होत नाही: तिथे सोने 'अडमान' ठेवतात आणि चर्चमध्ये 'रक्षणे' म्हणतात.

मराठीत क्रियापदाकडे बघा. सोने तारण 'ठेवतात'. बायबलमधले तारण 'होते' किंवा 'प्राप्त होते'. इफिसकरांस पत्रात (२:८-९) प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की ते कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांमुळे नाही. उपास, दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला) गहाण टाकून तारण मिळते असे मानले, की हप्ता चुकल्यावर लिलावाची भीती आलीच.

देण्याघेण्याचा शब्द त्याच पत्रात वेगळा आहे: पवित्र आत्मा हा वतनाचा 'विसार', म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ दिलेली रक्कम (१:१४). कन्नड बायबलात 'संचकार', आपल्याकडे जमिनीच्या सौद्यात देतात तोच. आणि हा विसार देव देतो, आपण घेतो. मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो, तीही गुंडांची नव्हे. बंदिवानाला सोडवायला भरलेली किंमत, असा जुना अर्थ तिथे धरावा.

मग फिलिप्पैकरांस पत्रात 'आपले तारण साधून घ्या' (२:१२) का म्हटले? पुढचीच ओळ वाचायची राहते, म्हणून हे कोडे पडते: इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो. साधणे म्हणजे कमावणे नव्हे. मिळालेल्या रानात राबणे म्हणा हवे तर.

रोजच्या वागण्यासाठी लूक १९ मधला जकातदार जक्कय पाहावा. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेले चौपट परत, असे तो आठव्या ओवीत बोलतो. येशूने 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' म्हटले ते पाचव्या ओवीत, हिशेब न मागता. मापात मारलेले, मजुरीचे अडकवलेले पैसे ख्रिस्ती माणसाने परत करायचे ते याच क्रमाने, देव आधीच घरी आला म्हणून.