सही घेतली, पण सुटका झाली का?

'मी या उपक्रमात स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे' या वाक्याखाली सही घेणारे आणि सही करणारे, दोघांचेही प्रश्न आले आहेत. या कागदाला कुणी हमीपत्र म्हणतं, कुणी डिस्क्लेमर, कुणी वेव्हर. मी इथे वेव्हर म्हणतो, म्हणजे इजा झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क आधीच सोडून देणारा कागद. याबाबतचा कायदा देशागणिक बदलतो, अमेरिकेत तर राज्यागणिक. म्हणून कुठला नियम कुठला, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

प्रश्न: मी व्यायामशाळा चालवतो. 'इजा किंवा मृत्यू झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' असं प्रत्येक सभासदाकडून लिहून घेतो. गेल्या महिन्यात यंत्राची केबल तुटून एकाचा खांदा निखळला. त्याने वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. फॉर्मवर त्याची सही आहे, मग मला भीती नाही ना?

नुसत्या सहीच्या भरवशावर राहू नका. व्यायामशाळेत इजा दोन कारणांनी होते. वजन उचलताना स्नायू ताणला गेला, तर तो व्यायामाचाच धोका आहे. यंत्र कितीही नवं असलं तरी तो राहतो, आणि सभासदाने तो समजून पत्करलेला असतो. झिजलेली केबल हा व्यायामाचा धोका नाही. ती बदलणं तुमचं काम होतं. वेव्हर पहिल्या प्रकारात चांगला उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारात त्याची ताकद फार कमी होते.

इंग्लंडमध्ये तर ती शून्य होते. तिथल्या 1977 च्या अन्याय्य करार-अटींविषयीच्या कायद्याने स्पष्ट सांगितलं, की धंद्यातल्या निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली, तर कुठल्याही अटीने किंवा पाटीने जबाबदारी झटकता येणार नाही. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातही तोच नियम आहे. न्यूयॉर्कमध्ये फी घेऊन चालणाऱ्या व्यायामशाळा आणि जलतरण तलाव यांच्यासाठी असाच वेगळा कायदा आहे. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यात इजेआधी लिहून घेतलेली जबाबदारीतून अशी माफी न्यायालयं मानत नाहीत. कॅलिफोर्निया खेळ-करमणुकीच्या बाबतीत बऱ्यापैकी उदार आहे, पण घोर निष्काळजीपणाला ही माफी लागू होत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ठरवलं. भारतात 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरवतं, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अन्याय्य करारा'विरुद्ध थेट तक्रारीची वाट उघडली आहे.

तेव्हा तुम्हाला पहिला प्रश्न फॉर्मबद्दल विचारला जाणार नाही. केबल शेवटची कधी तपासली, कुणी तपासली आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारलं जाईल. देखभालीची वही नीट असेल तर तीच तुमचा खरा बचाव आहे. तुटलेली केबल टाकून देऊ नका. विमा कंपनीला आजच लेखी कळवा. आणि त्या सभासदाकडून आता नव्या कुठल्याही कागदावर सही मागू नका, ती तुमच्याच अंगाशी येईल. माणूस दुखावला आहे. तब्येतीची चौकशी केल्याने चूक कबूल केल्यासारखं होत नाही, ती जरूर करा.

प्रश्न: असं असेल तर आम्ही साहसी सहलींचे आयोजक हा फॉर्म घेतो तरी कशाला?

घ्याच, फक्त नीट घ्या. 'धोका कुणी सांगितलाच नव्हता' असं म्हणायला जागा न ठेवणं, हे या कागदाचं सगळ्यात मोठं काम. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला त्याच धोक्याबद्दल भरपाई मागता येत नाही, हे तत्त्व बऱ्याच देशांत आहे, पण 'जाणूनबुजून' हे सिद्ध करावं लागतं. दोर धरून उतरताना हात सोलवटतो, ओल्या खडकावर पाय घसरतो, दगड सुटून वरून येतो, हे एकेक लिहा. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या फॉर्ममध्ये बहुतेक वेळा 'सर्व ज्ञात-अज्ञात धोके' एवढंच असतं. ज्याला कुठला धोका तेच कळलं नाही, त्याने तो पत्करला हे कसं म्हणायचं?

शब्दही जपून वापरा. मजकूर संदिग्ध असेल तर न्यायालयं तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचतात. 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे पॅराशूट शिकणाऱ्या एका जखमी विद्यार्थ्याचा खटला आला. त्याने सगळे दावे सोडल्याचं लिहून दिलं होतं. पण शाळेचा स्वतःचा निष्काळजीपणाही त्यात धरला आहे हे कागदात स्पष्ट नव्हतं. तेवढ्यावर त्याचा दावा उभा राहिला.

याच फॉर्मवर दम्याची, हृदयविकाराची, चालू औषधांची माहिती विचारा, आणि मिळालेली माहिती वाटाड्यापर्यंत पोचवा. ती कपाटात पडून राहिली तर 'माहीत असूनही काही केलं नाही' हा आरोप तुमच्यावर येईल.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची आहे. स्केटिंगच्या वर्गाने माझ्याकडून वेव्हर लिहून घेतला. मी तिचा हक्क सोडून दिला का?

तुमची काळजी रास्त आहे. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या, व्यक्तीने स्वतः केलेला करार भारतात मुळातच रद्दबातल असतो, ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलच्या, 1903 च्या निकालापासून हे पक्कं आहे. आई-वडिलांनी मुलाच्या वतीने भरपाईचा हक्क आधीच सोडावा का, यावर मात्र न्यायालयांमध्ये एकमत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका स्केट पार्कच्या खटल्यात आईची अशी सही अमान्य केली. पार्क धंदा म्हणून चालतो, तपासणी करणं आणि विमा घेणं त्याला जमतं, मुलाला जमत नाही, असं त्यामागचं कारण. मला ते मनापासून पटतं. तिथल्याच ओहायो राज्यात 1998 मध्ये स्वयंसेवकांनी चालवलेल्या फुटबॉल क्लबच्या बाबतीत उलट निकाल लागला. फुकट राबणाऱ्यांवर दावे झाले तर मुलांचे खेळच बंद पडतील, असा तिथला विचार होता.

न्यू जर्सीच्याच निकालात एक मेख आहे. माफी अमान्य झाली, पण वाद न्यायालयाऐवजी लवादापुढे नेण्याची अट कायम राहिली. तुमच्या कागदावर तशी ओळ आहे का, ते आज बघा.

प्रश्न: 'वाहने मालकांच्या जबाबदारीवर' ही पाटी पुरेशी नाही का?

गाडी कुणाच्या ताब्यात होती, ते आधी पाहा. मालकाने स्वतः लावून किल्ली खिशात टाकली, तर पाटीला थोडंफार वजन आहे. किल्ली तुमच्या माणसाने घेतली तर गोष्ट बदलते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये, हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सांगितलं, की 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेल्या कुपनाआड हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येणार नाही, आणि काळजी घेतली होती हे दाखवण्याचं ओझंही हॉटेलवरच आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या 1949 च्या खटल्यात हॉटेलची पाटी खोलीत होती, पण करार खाली काउंटरवर आधीच झालेला होता. पाटी निरुपयोगी ठरली. 1971 मध्ये पार्किंगच्या स्वयंचलित यंत्राबाबत तिथले न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी हाच विचार पुढे नेला: तिकीट हातात पडेपर्यंत करार होऊन गेलेला असतो, नंतर आतल्या खांबावर काय लिहिलंय त्याचा उपयोग नाही. म्हणून अट पैसे घेण्याआधी दिसली पाहिजे.

प्रश्न: ऑनलाइन नोंदणीत 'अटी मान्य' या चौकटीवर टिचकी मारून घेतली. चालेल?

चालू शकतं. न वाचता केलेली सहीही सही करणाऱ्याला बांधते, हे इंग्लंडमध्ये 1934 पासून मानलं गेलं आहे. पण पानाच्या तळाशी दडवलेली लिंक, आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट, ग्राहकाला न येणाऱ्या भाषेतला मजकूर, हे टाळा. कुणी, कधी आणि मजकुराच्या कुठल्या आवृत्तीला होकार दिला याची नोंद ठेवा. मजकूर बदलल्यावर जुनी आवृत्ती पुसून टाकलेली मी पाहिली आहे. मग त्या दिवशी ग्राहकाने नेमकं काय मान्य केलं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

प्रश्न: शर्यतीतल्या सगळ्या स्पर्धकांच्या सह्या घेतल्या. सायकल प्रेक्षकांत घुसून कुणाला लागलं तर?

त्या प्रेक्षकाने तुम्हाला काहीच लिहून दिलेलं नाही, त्यामुळे स्पर्धकांचे वेव्हर त्याच्या दाव्याला आडवे येत नाहीत. वळणावर कठडे लावा, आणि विम्याच्या पॉलिसीत त्रयस्थांची इजा धरली आहे का, ते हप्ता भरण्याआधी एजंटकडून लेखी घ्या.