अंथरूण आवरून कर्ज फिटतं का?

प्रश्न : ताई, मागच्या वर्षी माझी नोकरी गेली, दुसरी अजून मिळाली नाही, डोक्यावर कर्ज आहे, त्यात आई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ती अजून धड चालत नाही. सकाळी जाग येते पण उठवत नाही, मोबाईल हातात घेऊन अकरा अकरा वाजेपर्यंत पडून असतो. कोणालाही सांगितलं की उत्तर एकच, पॉझिटिव्ह राहा, छोट्या गोष्टींपासून सुरुवात कर, उठून आधी अंथरूण आवर. खरं सांगू का, मला राग येतो. अंथरूण आवरून कर्ज फिटणार आहे का? ही नुसती मनाची समजूत नाही का? – एक वाचक

उत्तर : नाही फिटणार. अंथरूण आवरून कर्ज फिटत नाही, आईचं हाड जुळून येत नाही आणि नोकरीही मिळत नाही, आणि जो कोणी तसं सुचवतोय त्याचा राग येणं बरोबरच आहे. पण तरीही मी तुम्हाला छोटं काम करायलाच सांगणार आहे.

१९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. वाचताना जीव कळवळतो, पण त्यातून जे कळलं ते महत्त्वाचं आहे. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही केलं तरी ते थांबणार नाहीत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती, तरी त्यातले बरेचसे उठलेच नाहीत, तिथेच पडून राहिले. मग त्यांना बरं कसं केलं? पट्ट्याला धरून अक्षरशः ओढत पलीकडे नेलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि बऱ्याच वेळा ओढल्यावर ते आपणहून जायला लागले. म्हणजे आधी पाय हलले आणि मग विश्वास आला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की असहायपणा अनुभवातून शिकला जातो हे आमचं मूळ म्हणणं उलटं होतं, संकट लांबलं की हातपाय गाळणं ही मेंदूची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही, शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं. तुम्ही अकरापर्यंत पडून राहता तो आळस नाही हो, कमकुवतपणा तर नाहीच.

आपण सगळे वाट बघतो की आधी उमेद येईल आणि मग मी उठेन. ती तशी येत नाही. डिप्रेशनवर एक उपचारपद्धत आहे, तिचा पाया १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी घातला, तिचं म्हणणं साधं आहे, मूड सुधारायची वाट न बघता ठरवलेलं काम ठरवलेल्या वेळी करायचं, मूड मागून येतो. २०१६ साली इंग्लंडमध्ये डिप्रेशन असलेल्या ४४० लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, तर विचार बदलण्यावर भर देणाऱ्या नावाजलेल्या थेरपीपेक्षा ही पद्धत कुठेही कमी पडली नाही. म्हणून ही नुसती मनाची समजूत आहे असं मला वाटत नाही.

आता माझं सांगते. माझ्या बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मी तेव्हा दिवसभर नुसती खुर्चीत बसून असायचे, रिपोर्ट वाचायचे, पुन्हा तेच वाचायचे, आणि काहीच करत नव्हते. एकदा त्यांची चादर बदलताना लक्षात आलं की उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट वळलीये की नखं तळहातात रुततायत आणि आत वास यायला लागलाय. फिजिओथेरपिस्टने दाखवलं होतं, बोटं जोर लावून ओढायची नाहीत, आधी मनगट हळूच खाली वाकवायचं म्हणजे बोटं आपोआप थोडी सैल पडतात. तसं केलं. कोमट पाण्याचं भांडं मांडीजवळ घेतलं, एकेक बोट उघडत गेले, तळहात पुसला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, मग पाचही नखं कापली, करंगळीच्या नखाखाली चंद्रकोरीसारखा लाल वळ उठला होता. सगळं मिळून अर्धा तास गेला असेल. बाबांचा आजार तसूभरही कमी झाला नाही, पण तो हात त्या दिवशी दुखायचा थांबला आणि तो माझ्यामुळे थांबला. संध्याकाळी मी महिनाभर टाळलेला डॉक्टरांना विचारायचा प्रश्न विचारला. धीर आधी नव्हता, नखं कापून झाल्यावर आला.

म्हणून काम निवडताना एवढंच बघा की ते पूर्ण होतं का आणि झालेलं डोळ्याला दिसतं का. 'नोकरी शोधणे' हे असं काम नाही, त्याला शेवटच नाही. 'एका ओळखीच्या माणसाला एक मेसेज' हे आहे. आणि त्याचा आकार तुमच्या सगळ्यात वाईट दिवसाला झेपेल इतका लहान ठेवा, चांगल्या दिवसाच्या हिशोबाने ठरवलंत तर चौथ्या दिवशी मोडेल आणि उरलीसुरली हिंमतही घेऊन जाईल. वेळही बांधून टाका, जसं की आईला सकाळची गोळी दिली की लगेच तिथेच तिला धरून दारापर्यंत दहा पावलं. 'जमेल तेव्हा' म्हटलं की ते राहतंच.

आईवरून आठवलं, तिचंही सगळं तुम्ही करू नका. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी वृद्धांच्या एका निवासात प्रयोग केला, काहींना कुंडीतलं झाड देऊन सांगितलं की हे तुम्ही सांभाळायचं, काहींना तसंच झाड दिलं पण पाणी नर्स घालतील म्हणाले. तीन आठवड्यांनी पहिले लोक जास्त हालचाल करत होते, जास्त आनंदी होते. तेव्हा आईलाही काहीतरी तिचं स्वतःचं काम असू दे, बसल्या बसल्या कपड्यांच्या घड्या घालणं का असेना.

आणि एक अगदी स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक उडालीये असं असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जगणं नको असे विचार येत असतील तर आजच जवळच्या कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका, त्यांच्यासोबत लगेच डॉक्टरांना गाठा. तिथे छोट्या कामांच्या भरवशावर थांबायचं नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या मैत्रिणीचा नवरा गेला. दोन महिने झाले, मी अजून फोन केलेला नाही, काय बोलावं तेच कळत नाही आणि आता तर फार उशीर झाला असं वाटतं. – एक वाचक

उत्तर : उशीर झालेला नाही. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात दिसलं की आपण कोणाची आठवण काढून संपर्क केला तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण नेहमी कमीच धरतो, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितकं त्याला जास्त बरं वाटतं. पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, खरी शांतता त्यानंतर सुरू होते, तुमचा मेसेज नेमका त्यात पोचेल.

फक्त 'काही लागलं तर सांग' असं लिहू नका, दुःखातला माणूस काय लागतंय हे ठरवू शकत नाही आणि मागू तर त्याहून शकत नाही. काहीतरी नेमकं लिहा, गुरुवारी दुपारी मी तासभर येऊ का, बँकेची कागदपत्रं एकत्र लावू, नाहीतर नुसती बसेन. त्यांच्या नवऱ्याची एखादी आठवण असेल तर तीही लिहा, त्यांचं नाव घेऊन लिहा, लोक नाव घ्यायचंच टाळतात. आणि शेवटी 'रिप्लाय नाही दिलास तरी चालेल' एवढं नक्की टाका.