वाचकांचे प्रश्न : ड्रायर निवडताना हवेची वाट बघा

प्रश्न : टम्बल ड्रायर घ्यायचा आहे. व्हेंटेड, कंडेन्सर आणि हीट पंप असे तीन प्रकार दिसतात. घराच्या भिंतीला भोक पाडता येणार नाही. आगीच्या बातम्या वाचून धास्तीही वाटते. कोणता घ्यावा?

उत्तर : भोक पाडता येत नसेल तर व्हेंटेड यादीतून काढून टाका. हा ड्रायर गरम, दमट हवा नळीने बाहेर फेकतो. तीच हवा खोलीत सोडली, तर एका खेपेत तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन भिंतींवर आणि कपाटांमागे जाऊन बसतं. मग बुरशी आलीच. ड्रायर गॅसवर चालणारा असेल, तर कार्बन मोनॉक्साइडमुळे हा प्रकार जिवावर बेततो.

राहिले दोन. कंडेन्सर ड्रायरमध्ये विजेची कॉइल हवा तापवते, आणि कपड्यांतून निघालेली वाफ खोलीतल्या हवेने गार होऊन टाकीत जमते. हीट पंपात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. वाफ गार करताना मिळालेली उष्णता तो पुन्हा कपड्यांकडे वळवतो. 8 किलो सुती कपड्यांना कंडेन्सर साधारण 4 ते 5 युनिट वीज घेतो, हीट पंप 2 युनिटांच्या आसपास. वेळेचं गणित मात्र उलटं : कंडेन्सरला दीड-दोन तास, हीट पंपाला दोन ते तीन.

तुमच्या धास्तीचा विचार करता हीट पंप घ्यावा. त्यात तापून लाल होणारी कॉइल सहसा नसते आणि हवा 50-60 अंशांच्या आसपास राहते. पण म्हणून तो निर्धोक ठरत नाही. अनेक नव्या मॉडेलांत आर 290, म्हणजे प्रोपेन, भरलेला असतो. त्याचं प्रमाण थोडं असलं तरी तो ज्वालाग्राही आहे. त्यामुळे यंत्राच्या जाळ्या झाकू नका आणि आतल्या नळ्यांना टोकदार वस्तू लावू नका. यंत्र आडवं करून आणलं असेल तर उभं करून पुस्तिकेत दिलेले तास तसंच राहू द्या, मगच बटण दाबा. नाहीतर कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येत नाही. कोंदट, तापलेल्या खोलीत हे दोन्ही प्रकार रेंगाळतात. दार बंद केलेल्या कपाटात तर ठेवूच नका.

प्रश्न : ‘सेल्फ-क्लीनिंग कंडेन्सर’ असलेला महाग ड्रायर घ्यावा की साधा?

उत्तर : साधा, हाताने साफ करता येणारा. ड्रायरची बहुतेक दुखणी एकाच कारणातून येतात : कपड्यांतून सुटणारी सुताची लव, म्हणजे लिंट, हवेच्या वाटेत अडकते. हवा अडली की कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही, कपडे ओले राहतात, आपण अजून अर्धा तास लावतो आणि लव तापत राहते. सुकी लव ठिणगीला काडीसारखी पेटते. सेल्फ-क्लीनिंग प्रकारात वाफेचंच पाणी कंडेन्सरवर, म्हणजे वाफ गार होते त्या भागावर, सोडून लव धुतली जाते. कल्पना चांगली आहे, पण काही मॉडेलांत कंडेन्सरपर्यंत आपला हात पोहोचतच नाही. दोन वर्षांनी आत काय साचलंय हे मेकॅनिकने यंत्र खोलल्यावरच कळतं. म्हणून दुकानात खालचं झाकण उघडून दाखवायला सांगा. कंडेन्सर किंवा जाळी बाहेर काढता येत असेल तर पुढची चर्चा करा.

दुसरं, सेन्सर हवाच. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओले कपडे त्यांना लागले की त्यातून सूक्ष्म वीज वाहते, कपडे सुकले की थांबते आणि यंत्र बंद होतं. नुसत्या टायमरचा ड्रायर सुकलेले कपडेही भाजत राहतो. सेन्सर असूनही कपडे दमट निघायला लागले, तर या पट्ट्यांवर सॉफ्टनरचा थर बसला असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्याने त्या पुसा.

ड्रम दोन्ही दिशांना फिरणारा असेल तर चादरीचा गोळा होत नाही. पट्टा, रोलर आणि दाराचा स्विच हे झिजणारे सुटे भाग मिळतात का, हे घेण्याआधी विचारा. वॉरंटीची वर्षं मोजण्यापेक्षा हे विचारणं जास्त कामाचं.

प्रश्न : वॉशिंग मशीन 7 किलोचं आहे. ड्रायर केवढा हवा? आणि तो एक्स्टेन्शन बोर्डवर चालेल का?

उत्तर : ड्रायर 7 किंवा 8 किलोचा घ्या. कपडे मोकळे उलटे-पालटे व्हायला ड्रमचा किमान तिसरा हिस्सा रिकामा लागतो. एकाच यंत्रात धुणं आणि सुकवणं असलेलं मॉडेल बघत असाल तर दोन आकडे वेगळे वाचा : धुण्याला 8 किलो लिहिलेलं यंत्र सुकवायला बहुधा 5 किलोच घेतं.

बोर्ड मात्र अजिबात नको. कॉइलचा ड्रायर 2500 वॉटचा धरला, तर 230 व्होल्टवर तो जवळजवळ 11 अँपिअर घेतो, तेही तास-दीड तास अखंड. बारीक वायरीचा बोर्ड आधी कोमट होतो, मग प्लगच्या पिना काळ्या पडतात. भिंतीतला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, एवढं हवंच. ड्रायर वॉशिंग मशीनवर ठेवायचा असेल तर त्या जोडीसाठी बनलेला स्टॅकिंग किट वापरा. ड्रायर खाली आणि वॉशिंग मशीन वर, असं कधीच नाही.

जाता जाता : वॉशिंग मशीनचा स्पिन मिनिटाला 800 फेऱ्यांवरून 1200 वर नेला तर ड्रायरचं काम बरंच हलकं होतं. पाणी तापवून उडवण्यापेक्षा पिळून काढणं केव्हाही स्वस्त.

प्रश्न : तेलाचे डाग असलेले टॉवेल धुऊन ड्रायरमध्ये टाकले तर चालतील का? कपडे लवकर हवे असतील तर मध्येच बंद करून काढले तर?

उत्तर : दोन्ही प्रश्नांची धोक्याची मुळं एकच आहेत. मालिशचं किंवा स्वयंपाकाचं तेल एका धुण्यात सुतातून पूर्ण निघत नाही. उरलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून उष्णता निघते. गरम कपड्यांचा ढीग पडला असेल तर ती आतच कोंडते, वाढते आणि यंत्र बंद झाल्यावर काही तासांनीही कपडे आपोआप पेटू शकतात. असे टॉवेल गरम पाण्यात जास्त डिटर्जंट घालून दोनदा धुवा आणि दोरीवरच वाळवा. पेट्रोल, थिनर किंवा डाग काढायचं रसायन लागलेले कपडे, फोम भरलेल्या उशा आणि रबरी पाठीची पायपुसणी ड्रायरमध्ये कधीच जात नाहीत.

शेवटची काही मिनिटं ड्रायर बिनगरम हवा फिरवतो, ती याच कोंडलेल्या उष्णतेसाठी. मध्येच थांबवावं लागलं तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा. ड्रममध्ये किंवा बादलीत ढीग ठेवू नका.

कपड्याच्या लेबलवर चौकोनात वर्तुळ असेल तर ड्रायर चालतो. वर्तुळात एक ठिपका म्हणजे 60 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 80. त्यावर फुली असेल तर कपडा दोरीवर.

प्रश्न : वापरलेला व्हेंटेड ड्रायर मिळतोय. काय तपासू?

उत्तर : आधी मागच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या परत मागवलेल्या मॉडेलांच्या यादीत शोधा. ब्रिटनमध्ये 2004 ते 2015 दरम्यान विकलेल्या एका मोठ्या कंपनीच्या ड्रायरमध्ये लव कॉइलपर्यंत पोहोचत होती. दुरुस्ती न झालेले असे ड्रायर 2019 मध्ये परत मागवावे लागले.

मग लव अडवणारी जाळी काढून तिच्यावर पाणी ओता. पाणी वर थांबलं तर सॉफ्टनरचा चिकट थर आहे. साबण आणि ब्रशने तो निघतो. यंत्र चालू करून ऐका. चिरका आवाज म्हणजे रोलर झिजलेत. मोटर घुमते पण ड्रम फिरत नाही, तर बहुधा पट्टा तुटलाय. थर्मल फ्यूज वायर जोडून टाळलेला दिसला तर सौदा सोडा. हा फ्यूज हवा अडल्यावर उडतो. नळी साफ न करता नवा बसवला तर तोही उडतो, आणि कंटाळून लोक तो काढूनच टाकतात.

नळी 10 सेंटीमीटर व्यासाची, ताठ धातूची, जमेल तेवढी आखूड हवी. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची नको. सांध्यावर स्क्रू मारू नका. आत आलेल्या टोकाला लव अडकते. धातूची चिकटपट्टी किंवा क्लॅम्प लावा. बाहेरची झडप यंत्र चालू असताना उघडते का, ते बघा.

प्रश्न : रोजची निगा काय?

उत्तर : जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करा. कंडेन्सर किंवा हीट पंपाची खालची जाळी महिन्यातून एकदा, नळी वर्षातून एकदा. दार बंद करण्याआधी ड्रममध्ये मूल किंवा मांजर नाही ना, हे हात घालून बघा. झोपताना किंवा बाहेर जाताना ड्रायर लावून जाऊ नका. जळका वास आला तर मुख्य स्विच बंद करा. धूर दिसला तर दार उघडू नका, आत हवा शिरली की आग भडकते. घरातल्यांना बाहेर काढून अग्निशमन दलाला फोन करा.