जुन्या स्कूलबसचं मॉडेल: ड्रॉइंगची वाट बघत बसू नका

तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. लहानपणी ज्या पिवळ्या बसने शाळेत गेलात तिचं १:२५ मॉडेल करायचंय, ती बस एका शेताच्या कडेला अजून उभी आहे, आणि स्कूल डिस्ट्रिक्टने (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने) ड्रॉइंग पाठवावं म्हणून तुम्ही चार महिने थांबलायत. शिवाय पिवळा रंग हिरवट येतोय. बारा वर्षांपूर्वी मी नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्टायरीन (मॉडेलसाठी वापरतात तो प्लास्टिकचा पातळ पत्रा) कापणं, चिकटवणं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

येत्या शनिवारी मोजायची टेप घेऊन त्या बसपाशी जा. बाकीचं सगळं नंतर.

माझी बस म्हणजे इंटरनॅशनल कंपनीच्या लोडस्टार ट्रकच्या चासीवर (चाकं आणि इंजिन असलेल्या सांगाड्यावर) सुपीरिअर या दुसऱ्या कंपनीची बॉडी. आम्ही अमेरिकेत, ओहायोत आलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. इंग्रजी धड येत नव्हतं, पण ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून तिच्या प्रत्येक गिअरचा आवाज पाठ झाला होता. पुढे कितीतरी वर्षांनी तीच बस मला एका गोठ्यामागे सापडली. पांढरा रंग मारलेला होता, कारण विकलेली स्कूलबस पिवळी ठेवायला बऱ्याच राज्यांत बंदी असते. पण विजेरी तिरपी धरली की पांढऱ्या रंगाखाली शाळेच्या नावाच्या कडा उठून दिसायच्या. बोट फिरवून अक्षरं वाचता येत होती.

मालक म्हणाले, केव्हाही या, हवं ते मोजा. मी चार फोटो काढले, घरी आलो आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला पत्र लिहिलं. कारखान्याचं ड्रॉइंग हातात आलं की आपल्या मापात चूक राहणार नाही, असं डोक्यात बसलं होतं. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

ऑफिसचं नाव घेत नाही. सात आठवड्यांनी उत्तर आलं: फॉर्म भरा. फॉर्म भरला तर म्हणे चासी नंबर लिहा. तो दिला तर जुन्या नोंदी दुसऱ्या इमारतीत आहेत, तिथे विचारा. तिथल्या बाईंनी मला परत पहिल्या खिडकीवर पाठवलं. चौदा महिन्यांनी एक पान हातात पडलं: खरेदीचं वर्ष, चासीचा मेक, ६६ सीट. ड्रॉइंग नाहीच. ते त्यांच्याकडे कधी नव्हतंच, आणि हे पहिल्या फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. ते पान घेऊन मी गोठ्यामागे गेलो, तर जागा मोकळी. तीन आठवड्यांपूर्वीच बस भंगारात गेली होती. चाकं होती तिथे चार ठिकाणी गवत पिवळं पडलं होतं. याचा राग अजून जात नाही.

त्यात मी मागत होतो ‘इंटरनॅशनलच्या बसचं ड्रॉइंग’. इंटरनॅशनलने दिलेलं असतं ते चासी, इंजिन आणि पुढचं नाक. बॉडी दुसऱ्याची: सुपीरिअर, वेन, वॉर्ड, कार्पेंटर, ब्लू बर्ड. ही पद्धत अगदी सुरुवातीपासूनची. १९२७ची पहिली ब्लू बर्ड डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे, तीसुद्धा फोर्डच्या मॉडेल टी चासीवर उभी आहे. म्हणून दाराजवळ किंवा विंडशील्डच्या वर बॉडी बनवणाऱ्याची पाटी शोधा आणि तिचा फोटो काढा. चासीचं आणि बॉडीचं वर्ष वेगळं निघू शकतं.

वर्ष नीट बघा, कारण १ एप्रिल १९७७ पासून बॉडीचे सांधे, छताची मजबुती आणि सीट यांचे नवे केंद्रीय नियम लागू झाले. त्यानंतरच्या बसमध्ये सीटच्या पाठी उंच आणि जाड गादीच्या. आधीच्या ठेंगण्या, कित्येकांना वर उघडा लोखंडी दांडा. पुढच्या काळातली सीट जुन्या बसमध्ये बसवली तर जाणकाराला ते लगेच खटकतं.

मोजताना खिडकीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचं अंतर, रब रेलची (बसच्या बाजूने लांबीभर जाणाऱ्या लोखंडी पट्टीची) जमिनीपासूनची उंची आणि पायरीची खोली ही मापं आधी घ्या. छताची गोलाई पुठ्ठा कापून उतरवा, फोटोवरून ती कधीच बरोबर येत नाही. एखादं माप राहिलंच तर टायरवरून काढा. ९.००-२० टायरचा व्यास साधारण ४० इंच, म्हणजे १:२५ मध्ये साडेचाळीस मिलिमीटरच्या आसपास. बॉडीची रुंदी ९६ इंच भरली तर मॉडेलवर साडेसत्त्याण्णव. आत शिरण्याआधी मालकांना विचारा आणि फरशी काठीने ठोकून बघा. गंजलेल्या पत्र्यावरचं प्लायवुड पायाखाली खचतं.

आता रंग. तुम्ही राखाडी प्रायमरवर मारताय, हिरवटपणा तिथून येतोय. पिवळा मुळातच कमी झाकतो. खाली पांढरा द्या, किंवा मी करतो तसा फिकट गुलाबी, आणि वर पातळ हात चार-पाच. छटा शोधताना ‘नॅशनल स्कूल बस ग्लॉसी यलो’, फेडरल स्टँडर्ड १३४३२ असं विचारा. या पिवळ्याचं मूळ १९३९ मध्ये फ्रँक सायर यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात भरवलेल्या परिषदेत आहे. पण उन्हात वीस वर्षं काढलेली बस त्या छटेची राहत नाही, तेव्हा मी चिमूटभर पांढरा मिसळतो. काहींना हे पटत नाही. काळ्या रब रेलसाठी मास्किंग टेप लावलात की टेपच्या कडेवरून आधी पिवळ्याचाच एक हात द्या, मग काळा. कड स्वच्छ येते.

नोंदी मागायच्याच असतील तर मागा, प्रत्येक राज्याचा सार्वजनिक नोंदींचा कायदा वेगळा आहे आणि मी काही वकील नाही. पण अर्ज पडून राहू दे, तुम्ही टेप घेऊन निघा.

आणि एक विनंती. तुमच्या फोटोतल्या खिडक्यांवरून ती बॉडीही सुपीरिअरचीच वाटते. असेल तर मागच्या आपत्कालीन दाराच्या वरच्या आणि खालच्या काचेमधली पट्टी किती इंच आहे ते मोजून कळवाल का? माझ्या मॉडेलचं ते दार अजून कोरंच आहे.