घरी डेव्हलप केलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल पूर्ण कोरा निघाला. दोष कॅमेऱ्याचा की केमिकलचा?

तुम्ही म्हणता की ३५ मिमीचा रोल घरी धुतला, वेळ आणि तापमान नीट सांभाळलं, तरी टँकमधून (फिल्म धुवायच्या बंद डब्यातून) काचेसारखी स्वच्छ पट्टी बाहेर आली. ती पट्टी फेकू नका. दोष कुठे आहे ते तिच्या कडेवरच कळेल.

छिद्रांच्या बाजूला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतात का बघा. ते शाईने छापलेले नसतात. कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि फोटोंप्रमाणेच डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) लागल्यावर दिसू लागतात. आकडे ठसठशीत काळे असतील तर तुमची केमिकल्स ठीक आहेत, फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही. बहुतेक वेळा लीडर, म्हणजे रोलचं सुरुवातीचं टोक, टेक-अप स्पूलमधून (कॅमेऱ्यातल्या फिल्म गुंडाळून घेणाऱ्या चक्रीतून) निसटलेला असतो आणि रोल जागचा हललेलाच नसतो. पुढच्या वेळी फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढताना रिवाइंडची (रोल परत गुंडाळायची) नॉब फिरते का, तेवढं बघत जा. ती फिरूनही रोल कोराच निघाला, तर रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडून शटर दाबा आणि आरपार उजेड दिसतो का ते तपासा.

आकडेही गायब असतील तर एकतर डेव्हलपर मेलेला होता, नाहीतर फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं रसायन) आधी ओतला गेला. फिक्सर आधी पडला की चित्र घडवणारं सिल्व्हर हॅलाइडच विरघळून जातं. तो रोल मग कशानेही परत येत नाही.

डेव्हलपरची परीक्षा मात्र अगदी सोपी आहे, आणि ती न करता लोक मोलाचे रोल टँकमध्ये घालतात याचं मला खरंच वाईट वाटतं. लीडरचा कापलेला तुकडा भर उजेडात अर्धा डेव्हलपरमध्ये बुडवा. काही मिनिटांत बुडालेला भाग करडा होत होत काळा पडला पाहिजे. पडला नाही तर ते द्रावण ओतून द्या. रंगावर विसंबू नका: एक्सटॉल नावाचा डेव्हलपर दिसायला स्वच्छ असूनही मेलेला असू शकतो, तर रोडिनल हा दुसरा डेव्हलपर गडद तपकिरी होऊनही छान काम देतो. दुसरा कोरडा तुकडा फिक्सरमध्ये टाका. त्याचा दुधाळपणा जायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्स करायचा.

पट्टी कोरी नसून दुधाळ असेल तर काळजीचं कारण नाही, ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घाला. पूर्ण काळी असेल तर प्रकाश शिरला आहे. टँकची मधली नळी बसवायची राहिली तरी असंच होतं.

आकडे आहेत पण फिकट आहेत, असंही दिसू शकतं. मग डेव्हलपर अशक्त होता, थंड होता किंवा वेळ कमी पडला. तसं असेल तर कोणता डेव्हलपर, किती पातळ केला आणि बाटली कधी उघडली, ते कळवा.