पाच वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेचं मूळ झिजलंय असं एक्स-रेत दिसलं. हे कशामुळं होतं? आणि पडणारच दात आहे तर उपचार करावेत का?

‘पडणारच दात आहे’ हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही. पडणार आहे, पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या मुलाला त्या दाढेनं अजून चार-पाच वर्षं तरी भाकरी चावायची आहे.

आमच्या घरात याच वाक्यावरनं वाद झाला होता. सासर पन्हाळ्याच्या बाजूला, जवळच गुऱ्हाळ, त्यामुळं काकवीची बरणी कायम भरलेली. माझी दुपारपाळी असायची, लेक रात्री आजीपाशी झोपायची, ती काकवी घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच. मी काही बोलले की सासूबाई म्हणायच्या, “घरची काकवी हाय, त्यात कसली केमिकलं न्हाईत.” केमिकलचा प्रश्नच नव्हता. तोंडातल्या जंतूंना साखर काय नि गूळ काय, दोन्हींपासनं ते आम्लच तयार करतात. त्यात झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळं ते गोड दूध दातांवर तसंच राहतं.

खालच्या डाव्या दाढेत खड्डा पडला. पोरगी रात्री रडत उठायला लागली. दवाखान्यात न्यायचं नाव काढलं की, “अगं पडणाराच दात त्यो, कशाला पोरीला सुया टोचून घेतीस?” थोरले दीर लगेच खर्चाचा हिशेब मांडायचे. लवंगेच्या तेलाचे बोळे लावले गेले. मग हिरडीवर एक बारीक पुळी आली, पिकली, फुटली आणि दुखायचं थांबलं. सगळं घर म्हणालं, बघ, झालं की बरं! बरं काहीही झालं नव्हतं. आतली नस मेली होती म्हणून कळ थांबली, आणि पुवाला बाहेर यायला वाट मिळाली म्हणून सूज उतरली. दुखायचं थांबलं म्हणून गप्प बसणारे पालक दिसले की मला आजही राग येतो.

मी कुणाला न विचारता रजा टाकली आणि कोल्हापुरात राजारामपुरीत लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून दाखवला. खालच्या दुधाच्या दाढेला दोन मुळं असतात, फाकलेली, आणि त्यांच्या बेचक्यात पक्क्या दाताची कळी असते. लेकीच्या दाढेचं मागचं मूळ टोकापर्यंत शाबूत होतं. पुढचं मात्र अर्ध्यातच संपलेलं, कड कुरतडल्यासारखी, आणि बेचक्यात काळी सावली. दुधाच्या दाढेत नसेच्या खोलीचा तळ पातळ असतो, त्याला बारीक छिद्रं असतात, त्यामुळं पू बेचक्यात लवकर उतरतो. त्याच्याच खाली ती कळी.

कारणं विचारलीत तर सगळ्यात मोठं हेच, नसेपर्यंत गेलेली कीड आणि त्यातनं झालेला पू. दुसरं म्हणजे मार. पोरगं तोंडावर आपटतं, पुढचा दात काही दिवसांनी काळपट पडतो, आणि कुणी लक्ष देत नाही. तिसरं, आधी नसेचा उपचार झालेली दाढ. त्यावर कॅप न बसवता नुसतं सिमेंट भरून सोडलं की जंतू परत आत शिरायला वाट मिळते.

लवकर गेलं तर नसेचा फक्त वरचा भाग काढून भागतं. पुढं पूर्ण नस काढून औषध भरतात, वर स्टीलची कॅप घालतात. पण मूळ एक तृतीयांशाहून जास्त गेलं असेल तर बहुतेक डॉक्टर दाढ काढायलाच सांगतात. आमची काढावी लागली. मग जागा राखायला मागच्या दाढेला रिंग आणि पुढं तारेचा वेढा, म्हणजे स्पेस मेंटेनर. घरात परत भांडण, “आता तोंडात तारा?” पण सहाव्या वर्षी अगदी मागं पक्की दाढ येते, ती मोकळ्या जागेकडं सरकते आणि हिरडीतल्या पक्क्या दाताची वाट अडते. आमच्या लेकीचा पक्का दात जागेवर आला, पण त्यावर तपकिरी डाग आहे आणि तिथलं आवरण खडबडीत आहे. वरच्या पुवानं कळीला इजा झाली की असं होतं. हसली की दिसतो.

मी डॉक्टर नाही, हेही सांगते. प्रत्येक झिजलेलं मूळ म्हणजे आजार नव्हे. पक्का दात वर यायला लागला की दुधाच्या दाताची मुळं आपोआप विरघळतात, म्हणूनच तर तो हलतो. तुमच्या मुलाचं वय पाच आहे आणि दाढ आहे, म्हणून मी एवढं जोरात बोलतेय. पुळी आहे का, दाढ हलते का, किती मूळ शिल्लक आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा.

आमचे थोरले दीर अजून म्हणतात, काढायचाच होता तर एवढा खर्च कशाला केला? दाढेत खड्डा दिसला त्याच आठवड्यात नेऊ दिलं असतं तर दाढ काढावीच लागली नसती, आणि स्पेस मेंटेनरचाही खर्च झाला नसता.