'मोर बिग' म्हणणाऱ्या मुलीला इंग्रजीतली तुलना कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी मराठी माध्यमात चौथीला आहे, बिग-बिगर-बिगेस्टचा तक्ता तिला तोंडपाठ आहे, पण वाक्य बनवायला सांगितलं की 'धिस बॉल इज मोर बिग' म्हणते, मधेच 'गुडर' म्हणते. शिवाय 'क्लेव्हर'चं काय होतं यावरून तुम्हा दोघांत वाद झालाय. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता संध्याकाळी घरीच मुलांना शिकवते. हाच घोळ मी शेकडो मुलांच्या वहीत पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीची बरीच वर्षं मीही तक्ताच घोकून घ्यायचे. टॉल-टॉलर-टॉलेस्ट, सगळा वर्ग एका सुरात. वाक्य आलं की सगळं पाण्यात. मग एकदा लक्षात आलं की मुलांची स्मरणशक्ती चांगली आहे, अडचण आपल्या मराठीच्या सवयीत आहे. मराठीत तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. हे झाड उंच, त्या झाडापेक्षा उंच, सगळ्यात उंच. 'उंच' तो उंचच राहिला. तुलनेचं ओझं 'पेक्षा', 'हून', 'सगळ्यात' यांनी उचललं. आपलं विशेषण बदलतं ते लिंग-वचनासाठी. आमच्या नागपुरात तो संत्रा, म्हणून मोठा संत्रा. पुण्याकडे ते संत्रं, म्हणून मोठं संत्रं. इंग्रजीत बरोबर उलट. मुलगा असो, मुलगी असो, दहा मुलं असोत, 'बिग' बदलणार नाही. पण शेजारी दुसरी वस्तू आणून ठेवली की लगेच बदलेल. तुमची मुलगी 'मोर बिग' म्हणते तेव्हा ती 'जास्त मोठा' हे अगदी प्रामाणिकपणे इंग्रजीत नेत असते. तिला रागवू नका.

म्हणून पहिल्या दिवशी इंग्रजी काढूच नका. तिच्याकडून मराठीत चार तुलना करवून घ्या आणि विचारा, 'यात मोठा हा शब्द बदलला का गं?' तिनं स्वतःच्या तोंडानं 'नाही' म्हटलं की अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी वस्तू घ्या. मी डिसेंबरात संत्री घेते, आंबिया बहाराचं, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाचं पीक तेव्हा बाजारात असतं आणि घराघरांत टोपली असते. सतरंजीवर आधी एकच संत्रा ठेवते. 'धिस ऑरेंज इज बिग.' सगळे मान डोलावतात. मग त्याच्या शेजारी त्याहून मोठा ठेवते आणि गप्प बसते. मागच्या वर्षी एक पोरगा उसळून म्हणाला, 'मॅडम, तो तर छोटा झाला नं आता!' तोच संत्रा, जागचा हललाही नाही, आणि छोटा झाला. हा क्षण पकडायचा. दोन आले की 'बिगर', आणि 'बिगर' आला की मागे 'दॅन' हवाच. मग तिसरा, सगळ्यात मोठा ठेवते: 'द बिगेस्ट'. आणि मग तोच उचलून सोलून वाटून टाकते. आता बिगेस्ट कोण? मुलं ओरडतात, दुसरा! मी म्हणते, दोनच उरलेत, दोघांत 'बिगेस्ट' कशाला, 'बिगर' पुरे. आणि 'द' हा मान सगळ्यांत एकालाच मिळतो, हेही त्याच खेळात कळतं. लिंबं, बटाटे, चमचे, काहीही चालेल. फक्त वस्तू खरी हवी आणि हलवता यायला हवी. पुस्तकातल्या चित्रातला हत्ती उचलून बाजूला ठेवता येत नाही.

'दॅन'ची जागा हा पुढचा अडथळा. मुलं लिहितात 'राजू दॅन अमित इज टॉल', कारण डोक्यात 'राजूपेक्षा अमित उंच' असतं. मी एवढंच सांगते: 'पेक्षा' हा राजूच्या नावाच्या पाठीला चिकटतो, 'दॅन' हा त्याच नावाच्या तोंडासमोर उभा राहतो. मराठी वाक्यात 'राजूपेक्षा' खाली रेघ मारायची, तो अख्खा तुकडा उचलून वाक्याच्या शेवटी न्यायचा आणि तिथे उलटा करायचा. 'दॅन राजू'. आठवडाभर रोज पाच वाक्यं अशी फिरवून घ्या.

स्पेलिंगमध्ये 'हॉटर'ला दोन टी का, हे मुलं विचारतात, आणि 'नियम आहे' एवढंच सांगून त्यांना गप्प करू नये. एकच टी लिहिला तर पुढच्या ई मुळे आधीचा ओ लांबतो आणि शब्द 'होटर' वाचला जाईल. दुसरा टी मधे भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून ओ आखूड राहतो. बिगर, थिनर, फॅटर, सगळीकडे तीच भिंत. 'कोल्ड'च्या शेवटी आधीच दोन व्यंजनं आहेत, 'कूल'मध्ये दोन स्वर आहेत, तिथे भिंतीची गरज नाही. 'लार्ज'ला ई आहेच, नुसता आर लावायचा. 'हेवी'चा वाय जाऊन आय येतो. हे तीन प्रकार सवयीनं बसतात, त्यावर फार वेळ घालवू नका.

'मोर' केव्हा लावायचं, हे टाळ्यांनी शिकवा. टॉल, एक टाळी: ई-आर. ब्यू-टि-फुल, तीन टाळ्या: मोर. तीन किंवा जास्त टाळ्या असल्या की शेपूट लावायचं नाही, पुढे मोर आणि मोस्ट. दोन टाळ्यांत घोळ आहे, तो लपवू नका. वाय वर संपणारे हॅपी, हेवी, इझी हे शेपूट घेतात. फुल, लेस, इंग, ईडी वर संपणारे युसफुल, बोरिंग, टायर्ड हे मोर घेतात. आणि एका वेळी एकच: मोर लावला तर ई-आर नाही, ई-आर लावला तर मोर नाही. 'मोर बेटर' हे तर मोठी माणसंही सर्रास बोलतात, तेव्हा घरात आपणही जपून बोलायला हवं.

आता 'गुडर'. मला विचाराल तर ही चूक ऐकून मला आनंद होतो. तुमच्या घरी तक्त्यात 'गुडर' कुठेच नव्हतं, म्हणजे मुलीनं नियम स्वतः पकडला आणि नवीन शब्दाला लावून पाहिला. लहानपणी ती 'मी करलं' म्हणायचीच ना, 'केलं'च्या जागी? तेच हे. तिला सांगा की काही शब्द फार जुने आणि फार वापरातले असतात, त्यांची रूपं नियमाला जुमानत नाहीत. मराठीत 'जातो' पण 'गेला', तिथे दोन वेगळ्या मुळांचे शब्द एका जोडीला बांधलेत. 'गुड' आणि 'बेटर'चंही तसंच. बॅड-वर्स-वर्स्ट, मच आणि मेनीचं मोर-मोस्ट, लिटलचं लेस-लीस्ट, हे एवढे मात्र पाठच करायचे. इथे घोकंपट्टीला माझी अजिबात हरकत नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी, मुलीला मोठी झाल्यावर सांगा. आपल्याकडे ही शेपटं नाहीतच असं नाही. लसावि-मसावि शिकेल तेव्हा तिला लघुतम आणि महत्तम भेटतील. त्यातला 'तम' म्हणजे सगळ्यात. 'तर' आणि 'तम' यांवरूनच तर 'तरतमभाव' हा शब्द झाला. आणि ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांच्या शेवटचा 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे एकाच जुन्या मुळाचे भाऊ आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगितलं की ती इंग्रजीकडे परक्यासारखं बघणं सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरावासाठी मला सगळ्यात आवडतं ते उन्हाळ्यातलं वर्तमानपत्र. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या शहरांच्या तापमानाची चौकट येते: नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा, अमरावती. मुलांनी रोज तीन वाक्यं लिहायची, चौकटीत असेल ते. 'चंद्रपूर इज हॉटर दॅन नागपूर.' 'अकोला इज द हॉटेस्ट.' पारा ४५ च्या वर गेलेला असतो, कुलरसमोर बसूनही घाम येत असतो, अशा वेळी 'हॉटर' हा शब्द तक्त्यातला राहत नाही. आकडे रोज बदलतात, त्यामुळे कालचं वाक्य आज उतरवता येत नाही, विचार करावाच लागतो. थंडीत हीच चौकट 'कोल्डर'साठी वापरा.

राहिला तुमचा वाद. 'क्लेव्हरर' आणि 'मोर क्लेव्हर' दोन्ही चालतात. सिंपल, नॅरो, क्वायट यांचंही तसंच. तुम्ही दोघंही बरोबर आहात. परीक्षेत मात्र तिच्या पाठ्यपुस्तकात जे रूप दिलंय तेच लिहू द्या, नाहीतर तपासणाऱ्याच्या एका लाल फुलीनं पोरीचा धीर सुटतो.